सिस्टरच्या वॉर्डातली बेरिंगं

कुसुमबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्याशी एक शब्दही न बोलता त्यांनी माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला स्टेथोस्कोप लावला.

मी कुरखेड्यात नुकताच बदलून आलो होतो. शाळा घाटापलीकडच्या खेड्यात, आणि राहायला तालुक्याच्या गावात एक खोली बघितलेली. खोलीसमोर गाडी उभी केली, हेल्मेट काढतोय न काढतोय तोच समोरच्या घरातून एक ठेंगणी, पांढरी सुती साडी नेसलेली बाई लगबगीनं रस्ता ओलांडून आली. गळ्यात स्टेथोस्कोप. मला वाटलं, घरमालकाकडे कुणीतरी आजारी असावं. पण बाई माझ्या गाडीपाशीच थांबल्या, खाली वाकल्या, आणि नळ्या कानात घालून म्हणाल्या, "ढकला. हळूहळू."

एवढ्या अधिकारानं कुणी सांगितलं की माणूस ढकलतोच. मी हँडल धरून गाडी पुढे नेऊ लागलो आणि बाई चाकाबरोबर वाकूनच चालू लागल्या. अशी आमची वरात पानठेल्यापर्यंत गेली. तिथं त्या उभ्या राहिल्या.

"घरघर आहे," त्यांनी सांगितलं. "कवापासून आहे?"

भद्रावतीहून निघाल्यापासून माझा घसा धरला होता. मी म्हटलं, "दोन-चार दिवस झाले असतील. कफ नाही, नुसती खवखव."

त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"तुमाले नाई विचारून राह्यली जी. याच्या बेरिंगबद्दल विचारून राह्यली."

कुसुमबाईंना गावात कुसुमबाई कुणी म्हणत नाही. लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी आरोग्य केंद्राच्या नर्स म्हणून या जंगलातल्या खेड्यांत काढली. जिथं एसटी जात नव्हती तिथं त्या मोटारसायकलनं जायच्या. मागे लशीची पेटी बांधलेली, साडीचा पदर खोचलेला, पायात बूट. त्या काळी गाडीवरून बाई येताना दिसली की पोरं पळायची. काही बाईला घाबरून, काही सुईला घाबरून. सिस्टर सांगायच्या, "पळनारं पोरगं तंदुरुस्त रायते. जे पळत नाई त्याले पह्यले तपासाचं."

निवृत्त झाल्या आणि माणसं संपली म्हणून त्यांनी बेरिंगं घेतली.

हे वाक्य मी मुद्दाम सांभाळून लिहिलंय, कारण चाकाचं बेरिंग ही काय चीज असते हे मलाही तोवर माहीत नव्हतं. दोन पोलादी कड्या, एक मोठी, एक लहान, आणि त्यांच्यामध्ये बारीक पोलादी गोळ्या. मिस्त्री लोक त्यांना छर्रे म्हणतात. चाकाच्या पोटात अशी बेरिंगं बसवलेली असतात आणि त्यांच्या जोरावर चाक गुळगुळीत फिरतं. आमच्या भागात धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतला, म्हणजे शेतातला, चिखल, नाल्याचं पाणी आणि रस्त्यावरची गिट्टी मिळून या बेरिंगांची जी दशा करतात ती पाहवत नाही. ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो, चाक गुरगुरायला लागतं. अशा वेळी जगात सगळीकडे माणसं बेरिंग बदलतात. कुरखेड्यात त्यावर दोन मतं आहेत.

पहिलं मत सिस्टरांचं. त्यांच्या मते कोणतंच बेरिंग मरत नाही, त्याची आबाळ होते. त्यांच्या घराचा ओटा म्हणजे वॉर्ड. स्टीलच्या ट्रेमध्ये डिझेल, त्यात पोहणारी बेरिंगं. ही जनरल. फार गंजलेली असतील ती झाकणाच्या डब्यात, तो आयसीयू. एका बाजूला कापूस, चिमटा, दात घासायचा जुना ब्रश, आणि ग्रीसचा डबा, ज्याला त्या खुराक म्हणतात. गाडीचा मालक तिथं मालक नसतो, नातेवाईक असतो. एकदा दारात वनखात्याचे एक बडे साहेब उभे होते. सिस्टर आतून ओरडल्या, "पेशंटसोबत कोन आहे?" साहेबांनी निमूटपणे हात वर केला.

सुट्टी देताना पथ्य सांगायच्या. नाल्यात गाडी घालायची नाही. वॉशिंग सेंटरवर पिचकारी मारून धुवायची नाही, पाणी थेट पोटात जातं. काही दिवस डबल सीट नको. एका शेतकऱ्यानं भाबडेपणानं विचारलं होतं, "सिस्टर, गोळ्या वगैरे?" सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या पोटात गोळ्याच आहेत बापा. आनखी कोनत्या देऊ?"

जे बेरिंग कशानंच बरं होत नसे, त्यालाही त्या मेलं म्हणत नसत. त्याला लाईट ड्युटी मिळायची. म्हणजे गाडीत नाही, पण दुसरीकडे हलकं काम. शेजारच्या विहिरीच्या रहाटाला त्यांनी ट्रॅक्टर-एजंटाच्या गाडीचं बेरिंग बसवलंय. पोस्टमनच्या नातीचा पाळणा पोस्टमनच्याच मागच्या चाकाच्या बेरिंगवर झुलला. सगळ्यांत मोठी बदली झाली ती सरपंचांच्या बेरिंगची. ते गेलं गणपतीच्या मांडवात, मूर्तीमागच्या फिरत्या चक्रात. भर आरतीत लाईट गेली. पंखे थांबले, भोंगा थांबला, पण देवामागचं चक्र अंधारात आपलं फिरतच राहिलं. बायांनी हात जोडले, एका म्हाताऱ्यानं लोटांगण घातलं. मागून सिस्टरांचा आवाज आला, "ग्रीस आहे जी, ग्रीस. उठा, कपडे खराब होतीन."

दुसरं मत अन्वर मिस्त्रीचं. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज. उंच, किडकिडीत माणूस, कानावर नेहमी एक पेन्सिल, जिचा उपयोग करताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. अन्वरचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांचं होतं: "बदलून टाका." क्लच वायर असो, ब्रेक शू असो, नाहीतर गावातलं राजकारण असो, उपाय तोच.

"मास्तर, देखो," तो मला समजावायचा, "बेरिंग काढायचं म्हनजे आतून ठोका लागते. ठोकलं का छर्ऱ्याले मार बसते. एकदा मार बसला का त्याची कंबर गेली. कंबर गेलेल्याले आंघोळ घालून का फायदा? दहा मिनिटाचं काम आहे. जुनं फेका, नवं टाका, बात खतम."

हे मी सिस्टरांना सांगितलं की त्या म्हणायच्या, "त्याले सांगा, ठोकतो काऊन? शेक दे ना. अंग सैल झालं का आपोआप येते बाहेर." आणि खरंच, त्या चाकाच्या मध्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून बसायच्या. बाळंतिणीची पाठ शेकावी तसं चाक शेकायच्या.

हे मी अन्वरला सांगितलं की तो कपाळावर हात मारायचा. "शेक? उद्या म्हनतीन बेरिंगले दिवस गेले."

ही दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. गिऱ्हाईकांच्या तोंडून निरोप चालायचे, आणि मी दोघांच्या वाटेवर राहत असल्यानं बहुतेक टपाल माझ्याकडे. सकाळी जाताना "त्या डॉक्टरीनबाईले सांगा," संध्याकाळी येताना "त्या हातोडीवाल्याले सांगा." मला ते आवडायचं. नव्या गावात माणसाला एवढं काम मिळालं की तो रुळतो.

मग त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या पुढच्या चाकानं जाहीरपणे रडायला सुरुवात केली. घाट उतरताना हँडल थरथरू लागलं. शाळेच्या पोरांना माझी गाडी वळणापलीकडे असतानाच ऐकू यायची आणि वर्ग शांत होऊन जायचा, हा एकच त्याचा फायदा. मी अन्वरकडे थांबलो. त्यानं इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक उचललं, वर एक हात, खाली एक हात धरून ते हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"आजच बदलून टाका," तो म्हणाला. नेहमीचे शब्द, पण या वेळी तो हसत नव्हता. "घाटात जाता तुमी रोज."

नवं बेरिंग त्याच्याकडे संपलं होतं, दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी घरी आलो तर सिस्टर ओट्यावरच उभ्या. त्यांनी आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकला असावा.

"भरती करा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सकाळीच चाक काढून दिलं. शेक झाला, बेरिंगं बाहेर आली, टाचणीनं त्यांची रबरी झाकणं उघडली गेली आणि ती डिझेलमध्ये पडली. मग काही करायचं नसतं. फक्त बसायचं असतं. सिस्टरांनी चहा ठेवला, मुरमुरे आणले, आणि बोलू लागल्या.

त्या दुपारी मी इतका हसलो की पोट दुखलं. एका गावात लस द्यायला गेल्या तर सगळी पोरं मोहाच्या झाडावर चढून बसली. आया खालून शिव्या घालून दमल्या. सिस्टरांनी कुणाला काही म्हटलं नाही. झाडाखाली पदर पसरून बसल्या, पिशवीतून मुरमुरे काढले आणि एकट्याच खाऊ लागल्या. चवीनं, एकेक. ऊन कललं तसं वरून एक पोरगं म्हणालं, "बाई, थोडे देता का?" सिस्टर म्हणाल्या, "देतो ना. दंड घेऊन खाली ये." एकामागून एक सगळी उतरली. एक मूठ, एक सुई. शेवटी झाडावर एकच उरला, तो त्यातल्याच एका पोराचा बाप होता. तोही सुईला घाबरूनच चढला होता.

बोलता बोलता त्यांनी ट्रेमधून एक बेरिंग उचललं, आतली कडी बोटावर फिरवली आणि थांबल्या. पुन्हा फिरवली. मग ते डब्यात टाकून वर झाकण लावलं.

"आज सुट्टी नाई होनार," त्या म्हणाल्या. "ऑब्झर्वेशन ठेवा लागन."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं शाळेत गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा बसस्टँडवर वडसा शहराहून आलेल्या बसमधून सिस्टर उतरताना दिसल्या. हातात पर्स घट्ट धरलेली. म्हणाल्या, "डोळे दाखवायले गेली होती." त्याच संध्याकाळी माझ्या पेशंटला सुट्टी मिळाली.

आणि काय सांगू तुम्हाला, चाक असं चाललं की जणू गाडीखाली रस्ताच नाही. घाटात हँडल ढिम्म. वर्गातली पोरं माझ्या येण्यानं पहिल्यांदाच दचकली. मी अर्थातच हे सगळं अन्वरच्या गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवर जाऊन भरपूर मीठमसाला लावून सांगितलं.

अन्वरनं हातातला पाना खाली ठेवला. "तेच बेरिंग? धुऊन?"

"तेच. धुऊन."

"शक्यच नाई. मी स्वतः चाक हलवून पाह्यलं होतं. त्याच्यात काई उरलं नोतं."

टपरीवर त्या दिवशी बरीच रिकामी मंडळी होती, आणि दोन मतांच्या गावात अशी मंडळी फार धोक्याची. चहावाल्यानंच पैज जाहीर करून टाकली. मास्तरांची गाडी घाट चढून-उतरून परत आणायची. मागे अन्वर बसेल, कान देऊन. परत आल्यावर बाजारात, सगळ्यांसमोर अन्वर चाक उघडेल. जुनं बेरिंग धडधाकट निघालं तर अन्वरनं गॅरेजवर पाटी लावायची की बेरिंगचं आधी सिस्टरांना विचारा. नाही निघालं तर सिस्टरांनी वॉर्ड बंद करायचा. कायमचा.

हा निरोपही मीच नेला. मला वाटलं होतं, बाई पदर खोचून उभ्या राहतील. त्या ट्रेमध्ये बोट बुडवून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

"उघडायले काऊन पाह्यजे?" त्या म्हणाल्या. "चाक चालून राह्यलं ना चांगलं?"

"उघडल्याशिवाय अन्वर मानणार नाही."

"ताज्या ऑपरेशनचा पेशंट आहे मास्तर. असा हलवत नाईत."

"सिस्टर, तुम्ही जिंकणारच आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अन्वर मिस्त्री मागच्या सीटवर, पण सीटवर तो जवळजवळ नव्हताच. आवाज ऐकू यावा म्हणून तो एका अंगाला इतका झुकला होता की समोरून येणारे सायकलवाले थांबून विचारत, "झोपला का जी?" प्रत्येक खड्ड्यावर तो आशेनं विचारायचा, "आला का आवाज?" आणि मी म्हणायचो, "नाही." घाटात मागून एसटी आली. ड्रायव्हरनं बराच वेळ हॉर्न वाजवला, मग शेजारून जाताना खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मास्तर, तुमचा मानूस सांडून राह्यला."

माथ्यावर थांबलो. अन्वरनं गुडघ्यावर बसून हबला, म्हणजे चाकाच्या मध्याला, कान लावला. मी गाडी ढकलत होतो आणि तो रांगत होता. उतरताना त्यानं आवाजाचं विचारणं सोडून दिलं. गावाजवळ येईपर्यंत त्याचा चेहरा पडला होता. "आवाजच नाई," तो स्वतःशीच म्हणत होता. "असं कसं होते? धुऊन असं होतच नाई."

गॅरेजसमोर अर्धा बाजार जमला होता. भाजीवाल्या बाया टोपल्या सोडून आल्या होत्या. ज्यांचा मोटारसायकलशी जन्मात संबंध नाही असे आजोबाही पुढच्या रांगेत. सिस्टर बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी हसून मान हलवली, आवाज नव्हता, असं खुणेनं सांगितलं. त्यांनी मान वळवली आणि उभ्या एसट्या बघत बसल्या.

अन्वरनं ॲक्सलचा दांडा ओढला, चाक काढलं, आतून छिन्नी लावून हातोडा उचलला. त्याचा हात क्षणभर थांबला. मला वाटतं, तो सवयीनं वाट पाहत होता, की आता सिस्टर कुणाच्या तरी तोंडून शेकायला सांगतील. निरोप आला नाही. त्यानं ठोकलं. टण, टण, आणि बेरिंग त्याच्या तळहातावर पडलं.

मी अगदी जवळ वाकलो होतो, त्यामुळे आम्ही दोघांनी ते एकाच वेळी पाहिलं. रबरी झाकणाला टाचणीचा साधा ओरखडासुद्धा नव्हता. कडीवर कोरलेला नंबर लख्ख. बेरिंग कोरं होतं. वडशाच्या बसमधून डोळे दाखवून आलेलं.

अन्वरनं अंगठ्यानं तो नंबर पुसला, पुन्हा पाहिला. मग मान वर करून सिस्टरांकडे पाहिलं. त्या अजून एसट्याच बघत होत्या.

अन्वरच्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नव्हता. सगळा गाव समोर, हातात पुरावा. त्यानं फक्त तळहात वर करायचा होता.

त्यानं मूठ मिटली. वळला, आणि शेजारच्या जळक्या ऑईलच्या डब्यात मनगटापर्यंत हात बुडवला. तो बाहेर आला तेव्हा बेरिंग इतकं काळंकुट्ट झालं होतं की त्याच्या आईनं ओळखलं नसतं.

"जुनंच आहे," अन्वर म्हणाला. आवाज मोठा होता. "धुतलेलं. मीच याले मरून गेलं म्हनलो होतो."

"नीट पाह्यलं का?" चहावाला म्हणाला.

"पाह्य ना तूच."

काळं बेरिंग हातोहात फिरलं. चहावाल्यानं कडी फिरवली, आजोबांनी फिरवली, भाजीवाल्या बायांनीही फिरवून "गुळगुळीत आहे माय" असा निकाल दिला. सगळ्यांचे हात काळे झाले आणि सगळे खूश झाले. कुणीतरी बाजारातून झेंडूचा हार आणून माझ्या चाकाला घातला. लोक सिस्टरांना उठवून टाळ्या वाजवत होते आणि त्या उभ्या राहून नुसत्या मान डोलवत होत्या, डोळे अन्वरवर. अन्वर पाठमोरा होऊन कपाटात काहीतरी शोधत होता. हातोडा खाल्लेलं बेरिंग तो परत बसवणार नव्हता, ते त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्यानं गुपचूप दुसरं कोरं काढलं, काळ्या हातानं माखलं आणि चाकात बसवून टाकलं. माझं चाक त्या पावसाळ्यात दोनदा नवं झालं आणि गावाच्या मते दोन्ही वेळा जुनंच राहिलं.

दिवेलागणीला मी समोर गेलो. सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. ट्रे रिकामे होते, पालथे घालून ठेवलेले.

मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमच्या जुन्यात काई नोतं मास्तर. उघडलं तं गोळ्या सडून गेल्या होत्या. असं बेरिंग घालून मी तुमाले घाटात पाठवू का?"

"मग मला सांगायचं ना. मी अन्वरकडून नवं टाकून घेतलं असतं."

"हो. टाकून देल्लं असतं त्यानं. दहा मिनिटात."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली, ती पार दिसेनाशी होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत होत्या.

"नवकरीत होती तं दारात कोनी आलं नाई असं कधी झालं नाई," त्या म्हणाल्या. "कोनाले ताप, कोनाचं बाळंतपन. जेवाले उसंत नोती. रिटायर झाली आन् एकदम सगळं बंद. सकाळी अंघोळ करून बसाचं, आन् बसूनच राहाचं. मंग एक दिवस पोस्टमन आला, त्याचं चाक वाजून राह्यलं होतं. मी म्हनली, धुऊन देतो. तो बसला. दिवसभर बसला बिचारा, बायकोबद्दल बोलला, पोरीबद्दल बोलला, माह्या हातचं जेवला." त्यांनी पालथ्या ट्रेवरून हात फिरवला. "नवं टाकलं का मानूस जाते, बापू. भिजत घातलं का बसते."

"आणखी किती जणांना नवं टाकलंत?"

"जे घाटातून जातात त्याईले," त्या म्हणाल्या. "गावातल्या गावात फिरनाऱ्याईले धुतलेलं चालते."

एवढा वेळ त्या मला मास्तर म्हणत होत्या. मधेच कधी बापू झालो ते माझ्या लक्षात आलं.

"अन्वरनं पाह्यलं," त्या म्हणाल्या. "मले दिसलं, त्यानं पाह्यलं."

"हो."

"आता तो का करन?"

दुसऱ्या दिवशी अन्वरनं पाटी लावली, खडूनं, मोठ्या अक्षरांत.

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर गॅरेज बंद होतं. मी खिडकीत वह्या तपासत बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी अन्वर दिसला. पांढरा स्वच्छ कुर्ता, डोक्यावर टोपी, आणि स्वतःची गाडी ढकलत होता. ती गाडी गावात सर्वांत चांगली चालते हे पोरंसुद्धा जाणतात. त्यानं ती सिस्टरांच्या ओट्यापाशी आणून स्टँडवर लावली.

सिस्टर दारात आल्या. ती दोघं अशी समोरासमोर उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मागचं चाक जरा जड चालून राह्यलं," अन्वर जमिनीकडे बघत म्हणाला.

सिस्टरांनी चाकाला बोट लावलं. ते लोण्यासारखं फिरलं, आणि फिरतच राहिलं. ते आपोआप थांबेपर्यंत त्या बघत उभ्या राहिल्या.

"लय वेळ लागन जी याले," त्या शेवटी म्हणाल्या.

"लागू द्या," अन्वर म्हणाला. त्यानं चप्पल काढली, पायऱ्या चढून ओट्यावर भिंतीला टेकून बसला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

सिस्टर आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग साखर किती घेता असं विचारल्याचा. अन्वर म्हणाला, जास्तच घेतो.

मी वह्या मिटून ठेवल्या नाहीत तोच रस्त्यापलीकडून हाक आली, "बापू, तुमी पन या."